कॉलेजात नवं तंत्रज्ञान: आधी आयएसए बघा, पॅनल नंतर

प्रश्न असा आहे: "मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवते. नोकरीचं तिसरं वर्ष. विभागात इंटरॅक्टिव्ह पॅनल आलंय, मूडल ही ऑनलाइन अभ्यासाची प्रणाली आहे, प्रयोगशाळेत क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर टाकलंय, परवा एआयची कार्यशाळाही झाली. प्राचार्य विचारतात, यातलं वापरता किती? मुलं मात्र पॅनलवर पीपीटी लागली की मोबाइल काढतात. सुरुवात कुठून करू? आणि यात माझा वेळ किती जाईल?"

सुरुवात आयएसएपासून, म्हणजे सत्रातल्या अंतर्गत मूल्यमापनापासून करा. तुमच्या पेपरला अंतर्गत गुण कशाला मिळतात ते आधी कागदावर लिहून काढा. मुलं हिशेबी असतात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. ज्याला गुण आहेत ते ती करतात, ज्याला नाहीत त्याच्याकडे बघून गोड हसतात. पॅनलवर तुम्ही उपग्रहाची कितीही सुंदर प्रतिमा दाखवा, चाचणीत "सुदूर संवेदनाचे उपयोग लिहा" एवढंच विचारणार असाल, तर मुलांच्या लेखी ती प्रतिमा म्हणजे पाच मिनिटांची करमणूक. मोबाइल निघतात ते त्यामुळे.

आपल्या गोव्यात यंत्रांची वानवा कधीच नव्हती. सायबरएज योजनेतून घरोघरी संगणक गेले, पुढे शाळेतल्या पोरांना टॅब्लेट मिळाले, आता पॅनलं आली. दर वेळी खोकी उघडताना फोटो निघाले. त्यातून टिकलं काय ते बघा. प्रोजेक्टर टिकला, कारण खडू-फळ्याच्या सवयीला त्याने धक्का लावला नाही. व्हॉट्सॲप टिकलं, कारण ते कुणाला शिकवावं लागलं नाही. मूडल २००२ पासून जगभर वापरात आहे; ते चर्चा, चाचण्या, एकमेकांचं लेखन तपासणं यासाठी केलेलं आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी त्यात नोट्सच्या पीडीएफ चढवल्या जातात आणि परीक्षेच्या आदल्या रात्री उतरवल्या जातात. गुणांशी त्याची गाठ कुणी मारली नाही आणि शिक्षकाचा एक तासही त्याने वाचवला नाही, मग दुसरं काय होणार?

या दोनच अटी मी कुठल्याही नव्या साधनाला लावतो. गुणांशी संबंध आहे का, आणि दुसऱ्या वर्षापासून माझा वेळ वाचणार आहे का. एकही अट पुरी होत नसेल तर नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, फाइलीपुरतं ते वापरा, फोटो काढा, पुरावा जोडा आणि मनाला लावून घेऊ नका. हे थोडं उद्धट वाटेल. पण तिसऱ्या वर्षातल्या शिक्षिकेला पाच साधनं एकदम वापरायला सांगणं मला त्याहून जास्त उद्धटपणाचं वाटतं.

वेळेचं खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी तो वाढतो. एका घटकावर चाळीस चांगले बहुपर्यायी प्रश्न करायला, म्हणजे ज्यात चुकीचे पर्यायसुद्धा मुलांच्या खऱ्या गैरसमजांतून आलेत असे, रविवार जातात. पण ते मूडलच्या प्रश्नपेढीत एकदा बसले की दर वर्षी प्रत्येक मुलाला वेगळे दहा प्रश्न आपोआप निघतात, तपासणी आपोआप होते आणि कुठला प्रश्न सगळ्यांचा चुकला ते दिसतं. मुलांचा फायदा वेगळाच. रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी २००६ मध्ये दाखवलं होतं की धडा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत जास्त आठवतं, पण आठवड्यानंतर पारडं फिरतं: वाचून मग पुस्तक मिटून स्वतःची परीक्षा घेणारे पुढे जातात. मुलांना हे वर्गात सांगा. त्यांना वाटतं चाचणी म्हणजे सरकारी छळ.

एका सत्रात एकच पेपर आणि त्यातला एकच घटक घ्या. आणि जूनमध्ये सुरू करू नका. प्रवेश चालू असतात, वेळापत्रक दर आठवड्याला बदलतं, सत्तरीत पावसाने वीज गेली की पॅनल काळं पडतं. चवथीच्या सुट्टीत तयारी करू असंही म्हणू नका. ती सुट्टी गणपतीवर फळं-पानांची माटोळी बांधण्यात आणि पाहुण्यांत कधी संपते कळत नाही. सम सत्र, म्हणजे हिवाळ्यातलं, बरं. डिसेंबर-जानेवारीत आभाळ स्वच्छ असतं, बाहेर जाता येतं, आणि आपल्या विषयाला बाहेर जाण्यावाचून गत्यंतर नाही.

व्हिडिओबद्दल थोडक्यात, कारण यावर फार वेळ घालवू नये असंच माझं मत आहे. स्वतःची व्याख्यानं चित्रित करत बसू नका. २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा सत्तरी-सांग्यातली मुलं रेंजसाठी डोंगर चढून बसत होती, त्या वर्षी चित्रणांना पर्याय नव्हता. राज्याच्या उच्च शिक्षण संचालनालयाच्या दिष्टावो उपक्रमात इथल्याच प्राध्यापकांनी पदवीच्या विषयांवर केलेली चित्रणं तयार आहेत, केंद्र सरकारचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं स्वयम् आहे, आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये क्यूजीआयएसची मालिका आहे, डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे (आयआयआरएस) सुदूर संवेदनावरचे विनामूल्य वर्ग आहेत. त्यातलं निवडून द्या. देताना पूर्ण तास देऊ नका. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर व्हिडिओ लाखो वेळा पाहिले गेले, त्याचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात व्हिडिओ कितीही लांब असला तरी मुलं साधारण सहा मिनिटांच्या पुढे टिकत नव्हती. म्हणून "अमुक मिनिटापासून तमुक मिनिटापर्यंत बघा आणि या दोन प्रश्नांची उत्तरं आणा" असं सांगा. प्रश्न नसले तर ते बघणार नाहीत, हे धरून चाला.

आता वर्गाबद्दल. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त काम करणारी गोष्ट म्हणजे एक चांगला प्रश्न आणि मतदान. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून हे करत आले. प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने शेजाऱ्याशी न बोलता मत द्यायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा मत द्यायचं. पहिल्या फेरीत तीस टक्क्यांहून कमी मुलांचं बरोबर आलं तर वाद घालायला लावण्यात अर्थ नाही, परत शिकवा. सत्तरच्या वर आलं तर दोन वाक्यांत स्पष्टीकरण देऊन पुढे चला. मजा मधल्या पट्ट्यात आहे.

माझा आवडता प्रश्न देतो, तुम्ही तो उद्या वापरू शकता: "२१ जूनला पणजीत ऐन मध्यान्ही उभ्या काठीची सावली कुठे पडेल? उत्तरेला, दक्षिणेला, की पडणारच नाही?" बरीच मुलं "पडणारच नाही" म्हणतात, कारण २१ जून म्हणजे सूर्य डोक्यावर हे शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं. उरलेल्यांतली बहुतेक "उत्तरेला" म्हणतात, कारण भारत उत्तर गोलार्धात. पणजी साडेपंधरा अक्षांशावर आहे आणि त्या दिवशी सूर्य कर्कवृत्तावर, म्हणजे आपल्या उत्तरेला. सावली दक्षिणेला पडते. हे मी सांगितलं तर वहीत जातं. शेजारच्या पोराने बाकावर पेन उभं करून आणि मोबाइलची टॉर्च फिरवून दाखवलं की डोक्यात जातं. मग पुढचा प्रश्न मुलंच काढतात: मग आपल्याकडे बिनसावलीचा दिवस कधी? मेच्या सुरुवातीला एकदा आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एकदा. ऑगस्टातला तो गोव्यात कुणाला दिसतो म्हणा!

यासाठी वायफाय लागत नाही. ए, बी, सी, डी छापलेले चार रंगांचे कागद पुरतात. नोंद ठेवायची असेल तर प्लिकर्स वापरा: मुलांच्या हातात छापील सांकेतिक कार्डं, कॅमेरा फक्त तुमच्या फोनचा. ज्याच्याकडे डेटा पॅक नाही, ज्याचा फोन धाकट्या बहिणीबरोबर वाटून घेतलेला आहे, तोही मत देतो. वर्गात मुलांच्या फोनवर अवलंबून असलेलं काहीही करण्याआधी हा विचार करा. आणि प्राचार्यांनी "याला तंत्रज्ञान म्हणायचं का?" असं विचारलं तर त्यांना सांगा की विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरच्या २२५ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २०१४ मध्ये झालं, आणि त्यात नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात नापास होण्याची शक्यता मुलांना काही करायला लावणाऱ्या वर्गाच्या दीडपट निघाली. पॅनल असण्या-नसण्याशी त्याचा संबंध नव्हता.

तुमच्या प्रयोगशाळेत क्यूजीआयएस टाकलंय हे वाचून मला सगळ्यात जास्त आनंद झाला, कारण तुम्ही सांगितलेल्या चारही गोष्टींत आपल्या विषयाला खरोखर बदलणारी तीच आहे. पूर्वी किनारपट्टीचं टोपोशीट, म्हणजे सर्वेक्षण खात्याचा तपशीलवार नकाशा, वर्गात आणायला अर्ज, शिक्के, हमीपत्र. २०२१ च्या फेब्रुवारीत भू-अवकाशीय माहितीचे नियम सैल झाले. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांच्या प्रतिमांचा सगळा संग्रह २००८ पासून फुकट आहे. युरोपचा सेंटिनेल-२ दहा मीटर विभेदनाच्या (एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे दहा मीटर) प्रतिमा देतो, दर पाच दिवसांनी, त्याही फुकट. मुंबई-दिल्लीच्या विद्यापीठात जे आहे तेच तुमच्या मुलांच्या हातात आहे. ही स्थिती यापूर्वी कधी नव्हती.

पण क्यूजीआयएसचे वर्ग मोडतात ते फार क्षुल्लक कारणांनी, आणि कार्यशाळेत ती कुणी सांगत नाही. एकेक सांगतो.

मुलगा घरी काम करून पेनड्राइव्हवर नकाशाची शेपफाइल आणतो आणि ती उघडत नाही. कारण शेपफाइल म्हणजे एक फाइल नव्हेच. एकाच नावाच्या चार-पाच फाइलींचा तो संच असतो आणि पोराने फक्त डॉट एसएचपी उचललेली असते. निम्मा तास जातो. पहिल्या दिवसापासून जिओपॅकेज हा दुसरा फाइलप्रकार वापरायला लावा. सगळं एकाच फाइलीत राहतं. त्याचा दुसरा फायदा आपल्याला विशेष आहे: शेपफाइलमध्ये देवनागरीत लिहिलेली गावांची नावं दुसऱ्या संगणकावर गेली की बरेचदा प्रश्नचिन्हांची रांग होतात, आणि रकान्याचं नाव दहा अक्षरांच्या पुढे जात नाही. जिओपॅकेज युनिकोड नीट सांभाळतं. आपल्या मुलांनी नकाशावर वाळपई, केरी, मोर्ले ही नावं देवनागरीत का लिहू नयेत? भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजात आला, आणि तरीही फादर स्टीफन्स यांचं मराठी पुराण १६१६ मध्ये छापताना रोमन अक्षरांत छापावं लागलं, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. आज खिळ्यांची अडचण नाही. कळफलक कुणी शिकवलेला नाही, एवढीच आहे. एक दुपार त्यासाठी काढा.

दुसरी अडचण जनगणनेची. गावांचा नकाशा आणि लोकसंख्येचा तक्ता जोडायला सांगितलं की अर्धी गावं कोरी येतात. नकाशात साखळी पोर्तुगीज वळणाच्या स्पेलिंगने, तक्त्यात नव्या स्पेलिंगने. केपे, काणकोण, फोंडा सगळ्यांचं तेच. संगणकाला ती दोन वेगळी गावं. नावावर जोडूच नका. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा अंकी संकेतांक आहे, त्यावर जोडा. मात्र एकदा मुद्दाम नावावर जोडू द्या आणि कोरी गावं का आली ते मुलांनाच शोधू द्या. आकडेवारी साफ करणं म्हणजे काय ते त्या एका प्रात्यक्षिकात कळतं.

तिसरं, ढग. "पावसाळ्यातला भूवापर" असा प्रकल्प कुणी देऊ नये. जून ते सप्टेंबर गोव्यावरची सेंटिनेल-२ ची प्रतिमा म्हणजे कापूस. ढगांतून बघायचं तर सेंटिनेल-१ चं रडार लागतं आणि ते पदवीच्या मुलांना जड जातं. नोव्हेंबरनंतरच्या प्रतिमा घ्या. प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत, सगळ्यांचं एकच ठेवा: गोवा मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम पद्धतीच्या ४३ उत्तर पट्ट्यात येतो, क्यूजीआयएसमधला त्याचा क्रमांक ईपीएसजी ३२६४३. हे फळ्यावर कोपऱ्यात कायमचं लिहून ठेवा, नाहीतर कुणीतरी अंशांमध्ये क्षेत्रफळ मोजून आणेल आणि डिचोली तालुका शून्य पूर्णांक काहीतरी निघेल.

चौथं, आवृत्ती. क्यूजीआयएसच्या दर चार महिन्यांनी नव्या आवृत्त्या येतात. वर्षभर सांभाळली जाणारी दीर्घकालीन आवृत्ती घ्या, सगळ्या संगणकांवर तीच, आणि सत्र संपेपर्यंत कुणालाही अपडेट करू देऊ नका. सत्राच्या मधे बटणांच्या जागा बदलल्या की शिक्षकाची पत जाते. लागणारा सगळा डेटा आधी उतरवून प्रत्येक संगणकावर ठेवा. प्रात्यक्षिकाच्या दिवशी इंटरनेट आहे असं गृहीत धरून आखलेलं प्रात्यक्षिक आपल्याकडे प्रात्यक्षिक राहत नाही.

तुमच्या भागात विषय शोधायला लांब जायला नको. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या. डिचोली-सत्तरीच्या पट्ट्याची त्याआधीची आणि नंतरची लँडसॅट प्रतिमा शेजारी शेजारी ठेवा आणि मुलांना खड्ड्यांतलं पाणी, मातीचे ढीग, झाडी आखायला सांगा. ज्याचे वडील ट्रक चालवत होते तो मुलगा प्रतिमेत रस्ता शोधतो. त्या तासाला मोबाइल दिसत नाहीत, म्हणजे दिसतात, पण कुणीतरी घरी फोन करून "तो ढीग कधीचा?" असं विचारत असतं.

मी मुलांना मांडवीतल्या चोडण बेटावर खाजनं, म्हणजे खाडीकाठची बांध घालून राखलेली जमीन, बघायला नेत आलोय. रायबंदरहून फेरीबोट, मग बांधावरून चालत. गोव्यात अंदाजे १८ हजार हेक्टर खाजन जमीन आहे आणि ती उभी आहे बांध आणि मानशींवर, म्हणजे बांधातल्या दारं असलेल्या मोऱ्यांवर. भरतीचं खारं पाणी आत येऊ लागलं की मानशीची दारं त्याच्या दाबाने आपोआप मिटतात, ओहोटीला आतलं पाणी ढकलून उघडतात. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून ओहोटीच्या जरा आधी पोचावं. दारं उघडताना डोळ्यांनी बघितल्यावर पॅनलवरच्या ॲनिमेशनची गरज उरत नाही.

तंत्रज्ञान लागतं ते नोंदीला. क्यूफील्ड नावाचं ॲप क्यूजीआयएसमध्ये तयार केलेला नकाशा फोनवर घेतं आणि नेटवर्कशिवाय चालतं. आदल्या आठवड्यात प्रयोगशाळेत मुलांकडूनच फॉर्म करून घ्या: मानस चालू, गळकी की मोडलेली, दार लाकडाचं की दुसऱ्या कशाचं, बांधावर कांदळ (खारफुटी) आहे का, आत भात, मासळी की पडीक. उत्तरं निवडायच्या यादीत ठेवा, लिहायला लावू नका, नाहीतर "कोरगुट" हे खाजनातल्या भाताचं नाव पाच तऱ्हांनी लिहिलेलं येईल. चार-पाच जणांत एक फोन पुरतो. एक नोंदवतो, एक फोटो काढतो, एक तिथल्या शेतकऱ्याशी बोलतो. हा बोलणारा सगळ्यात महत्त्वाचा. घरी कोकणी बोलणारी पोरं इथे फुलतात, एरवी वर्गात इंग्रजीपुढे गप्प असलेलीसुद्धा.

परत येऊन बिंदू नकाशावर टाकले की गंमत होते. उघड्यावर फोनच्या जीपीएसची चूक पाच मीटरच्या आसपास असते, माडांखाली वाढते. बांध असतो दोन-तीन मीटर रुंद. त्यामुळे निम्म्या मानशी मांडवीत पडतात आणि काही शेताच्या मधोमध. "सर, आपण पाण्यात उभे होतो?" असं कुणीतरी विचारतंच. अचूकता म्हणजे काय, पाच मीटरची चूक तालुक्याच्या नकाशावर चालते आणि बांधाच्या नकाशावर का चालत नाही, हे तिथे वेगळं शिकवावं लागत नाही. हा प्रश्न ज्याने विचारला त्यालाच तोंडी परीक्षेत परत विचारा.

कारण गुण तिथेच आहेत. वीस गुणांची आयएसए असेल तर आठ नकाशाला, बारा तोंडी परीक्षेला द्या. नकाशा गटाचा, तोंडी एकट्याची. प्रत्येकाला चार मिनिटं: "हा बिंदू इथे का? ही वर्गवारी अशी का केलीस? शेतकरी काय म्हणाला?" साठ मुलांना चार तास लागतात, दोन दुपारी. बारा-बारा पानांच्या साठ असाइनमेंट तपासायला याहून जास्त लागतात, आणि त्या तपासताना वाचणाऱ्याचाही जीव रमत नाही.

इथे एआयचा विषय आपोआप येतो. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं आणि "गोव्यातील किनारी धूप: कारणे व उपाय" अशी घरून लिहून आणायची असाइनमेंट त्या दिवशी संपली, हे मान्य करून टाका. एआयने लिहिलं की नाही ते ओळखणारी सॉफ्टवेअर कार्यशाळेत दाखवली असतील, तर त्यांच्या आकड्यावरून कुणाचे गुण कापू नका. ओपनएआयने स्वतःचंच असं ओळखयंत्र जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं, अचूकता कमी म्हणून. त्याच वर्षीच्या एका अभ्यासात, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी निम्म्याहून अधिक या यंत्रांनी एआयचे ठरवले. आपली मुलं घरी कोकणी, शाळेत मराठी आणि कॉलेजात इंग्रजी लिहितात. साधी, घोटलेली वाक्यं लिहितात. त्यांच्यावर आळ येणार हे उघड आहे.

बंदी घालूनही काही होत नाही. मी करतो ते असं: खाजनांवर एआयकडून एक पानभर उत्तर घेतो, ते छापून वाटतो आणि वर्गात, हातात पेन घेऊन, चोडणला पाहिलेल्याशी ताडून दुरुस्त करायला सांगतो. कुठे चुकलंय, कुठे गुळगुळीत बोलून वेळ मारून नेलीय, काय राहिलंय. पहिल्या दिवशी मुलांना त्यात काही खोट दिसत नाही. स्वतःच्या नोंदी समोर ठेवल्या की दिसू लागते. एआयचा खरा उपयोग मला दुसरीकडे दिसलाय: मुलगी मराठीत विचारते, "वेव्ह रिफ्रॅक्शन मला सोप्या मराठीत सांग", समजून घेते, आणि मग स्वतःच्या इंग्रजीत लिहिते. वर्गात हात वर करायला लाजणाऱ्या मुलीला रात्री अकरा वाजता विचारायला कुणीतरी आहे. सांगितलेलं तपासायची सवय मात्र लावायला हवी, कारण तिथे चुकीचं उत्तरही तितक्याच आत्मविश्वासाने येतं. तुम्हालाही एक उपयोग आहे: बहुपर्यायी प्रश्नांचे कच्चे मसुदे त्याच्याकडून काढून घ्या. दहातले तीन ठेवण्याजोगे निघाले तरी एक रविवार वाचला.

पॅनलचं काय? टोपोशीट मोठं करून त्यावर मुलांना बोलावून पाणलोट क्षेत्राची सीमा आखायला लावा. तीन मुलं तीन वेगळ्या सीमा आखतात, ते पान जतन करा आणि पुढच्या तासाला तिथूनच सुरू करा. या कामाला पॅनल उत्तम. पीपीटी दाखवायला प्रोजेक्टर होताच.

प्राचार्यांना आकडा हवा असतो, त्यांचीही नॅकची गरज असते, त्यात वाईट काही नाही. त्यांना "पाच साधनं वापरते" असं सांगण्याऐवजी आयएसएचा नवा आराखडा आणि मुलांचे दहा नकाशे दाखवा. अभ्यास मंडळावरच्या ज्येष्ठांपैकी एकाला तोंडी परीक्षेला बसवा. पुढे अभ्यासक्रम बदलायची वेळ येईल तेव्हा ते तुमच्या बाजूने बोलतील. एकट्याने केलेला बदल माणसाबरोबर बदली होऊन जातो, आणि सरकारी कॉलेजात बदली केव्हा येईल सांगता येत नाही.

त्यासाठीच शेवटचं काम अगदी रुक्ष आहे. प्रश्नपेढी, क्यूफील्डचे फॉर्म, उतरवलेल्या प्रतिमा हे सगळं स्वतःच्या खासगी ईमेलवर ठेवू नका. विभागाच्या नावाने एक खातं काढा, पासवर्ड विभागप्रमुख आणि प्रयोगशाळा सहायक दोघांकडे असू द्या, आणि एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा. मुलांनी काढलेल्या फोटोंत शेतकऱ्यांचे चेहरे आणि घरं असतात, ती त्या खात्यातून बाहेर जाऊ देऊ नका. लेक्चर बेसिसवर असलेल्या सहकाऱ्यांची सत्र संपल्यावर कॉलेजची ईमेल बंद होते आणि त्यांनी वर्षभर केलेलं काम त्याबरोबर जातं, तेव्हा एप्रिलमध्ये त्यांच्याकडून सगळं मागून घ्या आणि फाइलीवर त्यांचं नाव राहू द्या.